बासष्ट प्रश्न आणि दोन डोळे

सोमवार, ७ जुलै

निवृत्तीनंतर दैनंदिनी बंद केली होती. ‘सकाळी फिरलो, दुपारी झोपलो, संध्याकाळी सुमतीशी वाद घातला’ हे रोज लिहून वही कशाला भरायची? आज मात्र नवी वही काढली. उद्यापासून मी पुन्हा सर्वेक्षक.

चौतीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातग्रस्त गाड्यांचे सर्व्हे केले. गाडी कुठल्या कोनात उभी आहे यावरून ड्रायव्हर खरं बोलतोय की थापा मारतोय, हे मी चहा यायच्या आत सांगत असे. आता गाड्यांऐवजी शाळा. ‘निरामय बालक प्रतिष्ठान’ नावाची संस्था ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या दहा महापालिका शाळा तपासून घेते आहे. साथीचे रोग पसरू नयेत म्हणून शाळा काय करतात, हा विषय. प्रश्न बासष्ट, गुण शंभर. पहिल्या तीन शाळांना हात धुण्याचे नवे नळ आणि पाण्याची टाकी मिळणार. तीसच्या खाली गुण पडले तर शाळेबद्दल थेट वर, महापालिकेत, कळवायचं. संस्थेचा समन्वयक हर्षित सव्वीस वर्षांचा आहे. मला म्हणाला, “सर, फक्त डेटा क्लीन पाहिजे.” मी म्हटलं, बाळा, तुझ्या जन्माआधीपासून मी तेच करतोय.

शाळांची नावं गुप्त ठेवायची आहेत. म्हणून मी त्यांना अ, आ, इ, ई पासून औपर्यंत अक्षरं दिली. बरोबर दहा झाली.

काल घोडबंदर रोडला मुलाकडे गेलो होतो. नातू नील काळा गॉगल लावून सोफ्यावर राजासारखा बसला होता. त्याच्या शाळेने त्याला म्हणे तीन दिवस घरीच राहायला सांगितलंय. फी पाहता सुट्ट्या तरी भरपूर द्यायलाच हव्यात. त्याने माझा चष्मा घातला, मी त्याचा गॉगल, आणि सूनबाईंनी, म्हणजे आसावरीने, फोटो काढला. छान आलाय. परत येताना दोन तास ट्रॅफिकमध्ये. काचा खाली, चहूकडे धूळ.

मंगळवार, ८ जुलै

शाळा अ. आमच्या वर्तकनगरपासून चालत दहा मिनिटं. मुख्याध्यापिकाबाईंनी गुलाब दिला. मी सांगितलं, सत्कार नको, काम करू. गुलाब घेतला.

माझी पद्धत अशी की ऐकीव माहितीवर गुण द्यायचे नाहीत. ‘हात धुण्याची सोय आहे’ म्हणतात ना? मग मी स्वतः धुऊन बघणार. नळाला पाणी होतं, साबण होता. हात धुतले. परवाच्या धुळीने डावा डोळा सकाळपासून चुरचुरत होता, तोही धुतला. खुंटीवरच्या टॉवेलला पुसला. सगळ्या शिक्षकांना मिळून एकच टॉवेल! बाईंना तिथल्या तिथे समज दिली आणि दोन गुण कापले. टॉवेल मात्र मऊ होता.

प्रश्न एक्केचाळीस: बाहेरून येणाऱ्या माणसाच्या तब्येतीची चौकशी होते का? बाई माझ्याकडे बघत जरा थांबल्या आणि “होते” म्हणाल्या. पूर्ण गुण दिले.

बुधवार, ९ जुलै

शाळा आ आणि इ. दोन्हीकडे माझं पेन सर्वांना दिलं. उत्तरांखाली मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि आरोग्याचं काम पाहणारे शिक्षक, अशा प्रत्येकाची सही माझ्याच पेनाने घेतो. शाई एक असली की नंतर कोणी खाडाखोड केली तर लगेच कळतं. चौतीस वर्षांचा अनुभव.

आ मध्ये नळाला पाणी नव्हतं, पिंपातून तांब्याने घेऊन डोळे धुतले. इ मध्ये पाणी थंडगार.

घरी आल्यावर सुमती माझ्याकडे बघून म्हणाली, “डॉक्टरांना दाखवा तो डोळा.” आमची ही पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाली. तिला कोणाचाही शिंकण्याचा आवाज आला की रजेचा अर्ज दिसतो. मी म्हटलं, घोडबंदरची धूळ आहे, उद्या उतरेल.

गुरुवार, १० जुलै

आज गुरुपौर्णिमा. शाळा ई मध्ये कार्यक्रमच होता. मला म्हणाले, “साहेब, तुम्ही आमचे पाहुणे, तुम्हीच अध्यक्ष व्हा.” नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पहिली ते चौथीची एकशे वीस मुलं एकेक करून पाया पडली. मी प्रत्येकाच्या गालाला हात लावून आशीर्वाद दिला. काही मुली इतक्या गोड होत्या की डोळ्यांत पाणीच आलं. तसं ते सकाळपासून येत होतं म्हणा. एका हाताने डोळे पुसत होतो आणि दुसऱ्याने आशीर्वाद देत होतो. नंतर हात बदलला.

शाळेला ८१ गुण. आतापर्यंत सर्वोत्तम. संस्कार आहेत इथे.

शनिवार, १२ जुलै

काल उ आणि ऊ झाल्या. आज उजवा डोळाही लाल आहे. सुमतीने माझा टॉवेल, उशी आणि पांघरूण बाल्कनीजवळच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि जेवताना टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. म्हणाली, “तुमचे डोळे आलेत. चार दिवस घरी बसा.” मी म्हटलं, डोळे येतात ते लहान मुलांचे. ती म्हणाली, “हो ना, म्हणूनच तर म्हणतेय.” या बाईच्या बोलण्यात कधी काही तर्क नसतो.

सोमवार, १४ जुलै

आज ए आणि ऐ उरकल्या. पण मोठी बातमी निराळीच आहे. शाळा अ मध्ये अकरा मुलं आणि तीन शिक्षकांचे डोळे आले! हर्षितचा फोन होता. इ मध्येही सुरू झालंय म्हणे.

मला आश्चर्य वाटलं नाही. सामाईक टॉवेलबद्दल मी बाईंना स्पष्ट बजावलं होतं. अहवालात लगेच नोंद केली: ‘प्रतिबंधक उपाय कुचकामी’. आणखी पाच गुण कापले. वाईट एवढंच वाटलं की मी बिचारा या शाळांमधून फिरतोय आणि उलट मलाच त्यांच्याकडून काही लागायची भीती.

मंगळवार, १५ जुलै

शाळा ओ झाली. ई मधून बातमी आली, चाळीस मुलं घरी. संस्कारांची शाळा! आता मी स्वतः छडा लावणार. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत कोण जातं? दुपारच्या खिचडीचा टेम्पो. संशयित सापडला.

बुधवार, १६ जुलै

आज जे घडलं ते चौतीस वर्षांत घडलं नव्हतं. रागाच्या भरात गोपनीयता बाजूला ठेवून लिहितो, शाळा औ म्हणजे डोंबिवलीजवळच्या कोपरची.

माणकोलीच्या पुलावरून गाडीने वेळेत पोहोचलो. फाटकावर एक पन्नाशीची बाई, नऊवारी, हातात खराटा. नाव आवडाबाई. शाळेची सेविका, तीही कंत्राटी. मी ओळखपत्र दाखवलं. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “साहेब, तुमचा डोला आलाय. आतमंदी नाय जावाचा.”

मी शांतपणे सांगितलं, “बाई, ही धूळ आहे.”

“धूल दोनी डोल्यांत सारखी बसली का?”

मी म्हटलं, मी संसर्गजन्य रोगांचाच सर्व्हे करायला आलोय. मला वरून पाठवलंय. त्यावर खराटा फाटकाला आडवा लावून ती म्हणाली, “वरशी पाठवला का खालशी, मना लाल दिसतंय. आमचे पोरांना झाला तं तुमी येनार हाव का निस्तराला?”

मुख्याध्यापक राजरत्न सर बाहेर आले. सभ्य माणूस. दहा फुटांवर उभे राहून नमस्कार केला आणि म्हणाले, “सर, माफ करा, पण फाटकाचा निर्णय आवडाबाईंचा असतो. डोळे बरे झाल्यावर या ना.” मला झाडाखाली खुर्ची दिली. पाणी दिलं ते कागदी पेल्यात, आणि मी प्यायल्यावर तिने तो पेला चिमट्याने उचलला. चिमट्याने! मी उठताच खुर्चीवर बादलीभर साबणाचं पाणी. वर्गांच्या खिडक्यांतून पोरं हे सगळं बघत होती आणि खुदुखुदु हसत होती.

एकही प्रश्न विचारू दिला नाही. बासष्टपैकी बासष्ट कोरे.

गुरुवार, १७ जुलै

अहवाल पाठवला. शाळा औ: शून्य. शेरा: ‘प्रवेशद्वारावरील सेविकेचे वर्तन उद्धट व असहकाराचे. आरोग्यविषयक जागृतीचा संपूर्ण अभाव. संबंधितांनी योग्य ती कारवाई करावी.’ शेवटचं वाक्य सुमतीला वाचून दाखवलं. ती डोळ्यांत घालायचं औषध पुढे करत म्हणाली, “आधी हे घाला.” घातलं. वादाला कंटाळून.

शनिवार, १९ जुलै

डोळे बरेच निवळले. धूळ अखेर उतरली.

दुपारी राजरत्न सरांचा फोन. माझा शेरा हर्षितने जसाच्या तसा वर पाठवला आणि तिथून तो सेविका पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे गेला. आवडाबाईंना घरी बसवलंय. एक ऑगस्टला कंत्राट नव्याने व्हायचं आहे, त्या यादीतून त्यांचं नाव काढणार. “अठरा वर्षं झाली त्यांना आमच्या शाळेत,” सर म्हणाले. “घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. बघा सर, काही करता आलं तर.”

मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मग सहज विचारलं, तुमच्याकडे डोळ्यांची साथ कितपत आहे? म्हणाले, “एकही नाही. दोनशे दहा मुलं, सगळी हजर.”

दोनशे दहा! नोंद खोटी असणार. हजेरी फुगवण्याचे प्रकार मी ऐकून आहे.

रविवार, २० जुलै

आजचा दिवस नीट लिहायचा आहे. पळवाट न काढता.

सकाळी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला. अपघाताचा नकाशा काढतो तसा साथीचा नकाशा. दहा शाळा, प्रत्येकीसमोर हर्षितने कळवलेली साथ सुरू झाल्याची तारीख, कोपरसमोर कोरं. मग खिचडीच्या टेम्पोचा मार्ग लाल पेन्सिलीने. जुळेना. टेम्पो ऊ मध्ये जातच नाही, तिथे सत्तावीस मुलं आजारी. टेम्पो कोपरला रोज जातो, तिथे कोणी नाही. टेम्पो खोडला. मुलांची ये-जा म्हणावी तर वर्तकनगरची मुलं कल्याणला कशाला जातील? तेही खोडलं. उरल्या नुसत्या तारखा. अ, मग आ आणि इ, मग ई. ओळीने. प्रत्येक शाळेत मी जाऊन आल्यावर दोन-तीन दिवसांनी.

एवढ्यात मुलगा, आसावरी आणि नील आले. सुमती नीलला जवळ घेत म्हणाली, “डोळे बरे झाले का रे सोन्या?” आसावरी म्हणाली, “हो आई, अर्ध्या वर्गाचे आले होते. बाबा, त्या दिवशी तुम्ही त्याचा गॉगल घातलात ना, मी म्हणणारच होते, पण तुम्ही इतके खुशीत होतात.”

मी पेन्सिल खाली ठेवली.

सर्व्हेअरचा पहिला नियम: सगळ्या अपघातांच्या जागी जे एकच वाहन हजर होतं, ते आधी तपासा. नऊ शाळांत मी आत गेलो. नऊ शाळांत साथ. एका शाळेत मला फाटकातून आत घेतलं नाही. तिथे दोनशे दहा मुलं हजर.

अ चा मऊ टॉवेल आठवला. आ चा तांब्या. माझं पेन, त्याला किती जणांचे हात लागले. ई मधले एकशे वीस गाल. मी हात बदलला होता तेही आठवलं. ती लहान मुलं डोळे चिकटून सकाळी रडत उठली असतील, त्यांच्या आयांची कामं बुडाली असतील, आणि मी त्यांच्या शाळेचे गुण कापत बसलो होतो.

सुमती नकाशाकडे बघत होती. तिला केव्हाच कळलं होतं. मला वाटलं आता म्हणेल, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने म्हटलंही. पण चहा करून आणल्यावर. लाज वाटते लिहायला, पण मी तिच्यासमोर रडलो.

सोमवार, २१ जुलै

सकाळी नऊही शाळांना फोन केले. क्षमा मागितली. सगळ्यांत वाईट वाटलं ते पहिल्याच फोनला. अ च्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “सर, तुम्ही दारात आलात तेव्हाच दिसलं होतं आम्हाला.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही साहेब. गुण तुमच्या हातात. आम्हाला टाकी हवी होती हो. तुम्हाला दारात अडवून शून्य कोण घेणार?”

कुठल्या ना कुठल्या शब्दांत नऊही जणांनी हेच सांगितलं. इ च्या सरांनी तर मी गेल्यावर नळ, खुर्ची, दाराची कडी, सगळं पुसून काढलं होतं. पेन तेवढं सुटलं. ते मी बरोबर घेऊन गेलो होतो.

दुपारी हर्षितच्या ऑफिसात. सगळं सांगितलं. तो आधी खुर्चीत मागे सरकला, मग म्हणाला, “अरे सर, हे रिपोर्टमध्ये नका ना टाकू. बुधवारी देणगीदारांना प्रेझेंटेशन आहे. आपण एक काम करू, कोपर काढून टाकू. आउटलायर आहे ती, बाकीच्यांशी जुळत नाही. नऊ शाळा, नऊ आउटब्रेक, एकदम क्लीन ग्राफ.”

“आणि आवडाबाईंची नोकरी?”

“त्याचा आपल्या डेटाशी काय संबंध?”

गेल्या आठवड्यात मीही असंच बोललो असतो, कदाचित जास्त शुद्ध मराठीत. त्याला म्हटलं, अहवालावर सही माझी आहे, ती मी मागे घेतो. तो म्हणाला, “पण सर, मग तुमचं नाव खराब होईल.” मी म्हटलं, होऊ दे, खरं तेच होईल.

बुधवार, २३ जुलै

प्रेझेंटेशन रद्द. दहाही शाळांचा सर्व्हे दुसऱ्या कुणाकडून नव्याने होणार. संस्थेचं मला पत्र: ‘आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही.’ सुमतीने ते फ्रिजवर चुंबकाने लावलं. आनंद होतो तिला अशा गोष्टींचा.

मात्र कंत्राटदाराचा माणूस फोनवर ऐकून घेईना. “संस्थेचं लेटर आलंय बाईच्या विरोधात. आता तुम्ही तोंडी सांगून काय होणार?” लेखी घेऊन उद्या डोंबिवलीला जातो. राजरत्न सर आवडाबाईंना घेऊन येतील.

गुरुवार, २४ जुलै

रात्री बसून तीन पानी निवेदन लिहिलं होतं. पार्श्वभूमी, घटनाक्रम, मीमांसा, क्षमायाचना. भाषा मला बरी साधली होती.

कंत्राटदाराचं ऑफिस डोंबिवलीत एका जिन्याखाली आहे. आवडाबाई बाकावर बसलेल्या. मी नमस्कार करून माफी मागितली. त्यांनी मान हलवली, तीसुद्धा कितपत माझ्यासाठी आणि कितपत माशी हाकलायला, सांगता येत नाही. मग म्हणाल्या, “काय लिवलंय ता वाचा.”

मी वाचायला लागलो. ‘माझ्या दीर्घ व्यावसायिक अनुभवाच्या पार्श्वभूमीवर…’ पहिलं पान संपायच्या आत त्यांनी हात वर केला.

“मी तुमाला अरवला का नाय?”

“अडवलंत.”

“ता बरोबर केला का चूक?”

“बरोबर.”

“मग तेवराच लिवा. बाकीचा कोन वाचनार?”

राजरत्न सर खिडकीबाहेर बघत हसू दाबत होते. मी तीन पानं घडी करून खिशात टाकली आणि कोऱ्या कागदावर लिहिलं: ‘माझे डोळे आले होते. आवडाबाईंनी मला फाटकावर अडवलं, ते बरोबर केलं. मी त्यांच्याविरुद्ध लिहिलं ते खोटं होतं.’ खाली पूर्ण नाव, सही, तारीख. चौतीस वर्षांत इतका लहान अहवाल मी दिला नव्हता.

सुपरवायझरने तो दोनदा वाचला. माझ्याकडे पाहिलं, आवडाबाईंकडे पाहिलं. मग यादी काढून नाव पुन्हा चढवलं आणि म्हणाला, “ठीक आहे मावशी. सोमवारपासून या.”

“सोमवार कशाला?” त्या उठल्याच. “उद्या शुक्रवार, टाकी धुवाचा दिस. आठवडा झाला, कोनी हात लावला नसंल.”

आणि त्या बाहेर पडल्या. सरांना दुसरीकडे मीटिंग होती. मी म्हटलं, बाई, माझी गाडी आहे, कोपरला सोडतो. त्या थांबल्या. माझा उजवा डोळा बघितला, मग डावा. मी सांगितलं, बरे होऊन पाच दिवस झाले.

“तुमीच सांगताव ना?” त्या म्हणाल्या. मागच्या सीटवर दाराला चिकटून बसल्या आणि तोंडावर पदर घेतला. “काचा खाली करा.”

मी चारही काचा खाली केल्या.